राजीखुशीने लिहून देते

वकीलसाहेब, काल दुपारी डोळा लागला आणि मी पुन्हा तुमच्या कोर्टासमोरच्या माडीवर होतो. पंखा सावकाश फिरतोय, स्टॅम्पपेपरवर ऊन सांडलंय, आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून आलेला मी टायपरायटरवर वाकलोय. माझ्या वर्गातली ती, जिच्याशी लग्न करायचं मी ठरवून टाकलं होतं, तिची छेड काढणाऱ्याला मारलं म्हणून कॉलेज सुटलं, हे मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हात चालतोय न्हवं? मग टायपिंग कर."

तुमच्याकडं काय यायचं नाही? शेताची वाटणी, भाडेकरूचं भांडण, घटस्फोट, मृत्युपत्र. वडिलांच्या जमिनीवरचा बहिणीचा हक्क सोडवून घ्यायला भाऊ तिला घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही भावांना बाहेरच्या बाकावर बसवायचात आणि शेवटची ओळ तिला एकटीला वाचून दाखवायचात: 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून देते.' मुरगूडची एक बाई त्या ओळीला रडायला लागली. भाऊ दारातनं ओरडले, "सही का हुईना?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पावणं, च्या घ्या. आज सही व्हायची न्हाय." त्या दिवशी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

मग मी माझा कागद टाइप केला. रजिस्टर लग्नाचा. माझ्या बाजूचा मजकूर मी लिहिला, तिच्या बाजूचाही मीच, आणि खाली सवयीनं तीच ओळ. तुम्ही चष्मा वर सारलात, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलंत.

"ह्ये 'देते' कोण म्हटलं रं? ती, का तुझं मशीन?"

"ती माझीच हाय की, साहेब. तिला काय इचारायचं?"

"बोलीव तिला."

ती आली. पिवळी ओढणी, छातीशी वह्या. तिच्या पावलांनी ती माडी हलकी होऊन वर तरंगतेय असं मला वाटलं, अजून वाटतं. तुम्ही मला चहाला पिटाळलंत. मी आत आलो तेव्हा ती गेलेली, कागदावर तिच्या सहीची जागा कोरीच.

"च्या कुठाय?"

"टपरी बंद हाय," म्हणालो, आणि कागद टराटरा फाडला. "तुम्हीच फितवलं तिला!"  ती काय बोलली ते सांगितलं असतंत तर मी तिथंच आडवा झालो असतो, म्हणूनच बहुतेक सांगितलं नाहीत. मी शिरोलीच्या फाउंड्रीत लागलो. तुम्ही गेल्याचं तिथंच कळलं, आलो नाही. इतकी वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय, एका वकिलानं माझं लग्न मोडलं.

हा कागद पाठवायचा कुठं? घडी करून ठेवून देतो. एवढंच, साहेब, की टपरी उघडी होती. मी गेलोच नव्हतो, दाराआड उभा होतो. जाताना तिच्या ओढणीचा वारा लागला मला. त्याआधी तिचा आवाज आला होता, अगदी हळू: "ह्यानं मला कधी इचारलंच न्हाई, वकीलसाहेब. नुस्तं सांगिटलं."