टिकली लावलेली नळी

चंद्रपूर, गुरुवार, संध्याकाळ

स्तनाच्या कॅन्सरच्या जनुकीय तपासणीत रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला एक निरोगी रक्त लागतं. आमच्या लॅबमध्ये ते माझंच. ओळखायला नळीवर माझी टिकली चिकटवते.

आज एक नवं जनुक पहिल्यांदाच तपासलं, तर त्याच नळीतल्या रक्तात कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष निघाला. अदलाबदल झाली असेल, म्हणून पुन्हा तपासलं. तोच दोष. टिकली जागेवरच.

दुपारी आरमोरीला आईला फोन केला. "मावशी कशानं गेली गं?"

"छातीत गाठ होती तिले. काऊन विचारून राह्यली?"

"कामासाठी."

दोष म्हणजे आजार नव्हे, हे मी रोज दुसऱ्यांना समजावते. आज तेच स्वतःला सांगत रिपोर्ट छापला.

सरांनी रिपोर्ट पाहिला. रक्त कुणाचं, विचारलंच नाही. "हे चालणार नाही. उद्या निरोगी माणसाचं घ्या."

"हो सर," म्हटलं आणि टिकली काढली.