आत्याचा हात आणि कच्ची फाइल

अण्णा,

मला तुम्हाला एका सॉफ्टवेअरबद्दल सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा फ्लेक्सचं पहिलं मशीन नुकतंच आपल्या उमरग्याच्या हायवेवर आलं होतं आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून ब्रशनं बोर्ड रंगवत बसायचात, म्हणून जरा सावकाश सांगतो. मी कॅमेरा घेतला आहे. जुना, एका लग्नाच्या फोटोग्राफरनं वापरलेला. दिवसा दवाखान्यात केसपेपर लिहितो. नववीनंतर शाळा सुटली तरी अक्षर आणि शुद्धलेखन तुमच्यामुळे टिकलं. माझ्या हातून कुणाचं आडनाव चुकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी फोटो काढतो. हा कॅमेरा फोटो दोन प्रकारे देतो. एक तयार, लगेच कुणालाही पाठवता येईल असा. दुसरा कच्चा, त्याला रॉ म्हणतात. कच्च्या फाइलमध्ये कॅमेऱ्यानं पाहिलेलं सगळं असतं, पण उघडली की फोटो मळकट दिसतो, जीव नसल्यासारखा. तुमच्या डब्यात रंग तळाशी बसायचा आणि वर नुसतं तेल तरंगायचं, तसं. तो रंग वर आणायला सॉफ्टवेअर लागतं. मी नवशिका, कुठलं घ्यावं, एवढाच माझा प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या मागे लागून मला शेवटी माझीच किळस आली.

नवशिक्यानं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मी तीन आठवडे पाहिले. दोनशेपानी वही घेतली आणि पट्टीनं रकाने आखले: आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं का, मूळ फाइल आहे तशी राहते का, नेट नसताना उघडतं का. तुम्हाला माहीत आहे, मला रकाने आखल्याशिवाय झोप येत नाही. बोलणारा प्रत्येक जण 'भाई लोग' म्हणून सुरुवात करतो आणि शेवटी खाली दिलेल्या लिंकवरून घ्या म्हणतो. ज्याची लिंक त्याच्याकडे, ते चांगलं. एकानं उन्हाळ्यात ज्याला कचरा म्हटलं होतं, त्यालाच दिवाळीत डोक्यावर घेतलं. तेही मी सोडून दिलं असतं. खरी शिसारी आली ती त्यांच्या नमुन्यांची. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. आधी एक सावळी मुलगी, उन्हात उभी, नाकावर घाम, गालावर एक जुना डाग. नंतर तीच मुलगी, पिठाच्या डब्यात पडून बाहेर काढल्यासारखी. दहा व्हिडिओ, दहा मुली, शेवटी सगळ्यांचा चेहरा एकच. आणि बोलणाऱ्याच्या आवाजात मात्र करपलेलं पातेलं घासून लख्ख केल्याचा आनंद. मी वहीत एक रकाना वाढवला, 'माणूस ओळखू येतो का?' त्या रकान्याखाली लिहायला मला कुठल्याच व्हिडिओत काही मिळालं नाही.

शेवटी वहीत तीन सॉफ्टवेअर उरली. पहिलं महिन्याच्या भाड्याचं. भाडं थांबलं की आपल्याच फोटोला आपल्याला हात लावता येत नाही. दुसरं फुकट, कुठल्याशा देशातल्या हौशी लोकांनी मिळून केलेलं. ते उघडलं की समोर सरकवायच्या इतक्या पट्ट्या आणि आकडे आले की मी ते लगेच बंद केलं. तिसऱ्यात एकच मोठं बटण होतं. ते दाबलं की सगळं आपोआप. ज्याच्याकडून कॅमेरा घेतला त्या लग्नवाल्या फोटोग्राफरला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "आरं येड्या, रॉ-बी कशाला करायलास? शेतातून आणल्यावानी कच्चं खातो का तू? गिऱ्हाइकाला पोरगी गोरी पायजे. बटन दाब, पेनड्राइव्ह दे, जेवून ये." मला त्याचा राग आला. तीन आठवड्यांच्या रकान्यांवर त्यानं पाणी ओतलं. आणि घरी येऊन मी तेच एका बटणाचं सॉफ्टवेअर घेतलं. भीती वाटते ना मला. शंभर पट्ट्या असल्या की शंभर ठिकाणी चुकता येतं. एकच बटण असलं की चूक बटणाची.

त्याच दिवसांत अणदूरहून आत्याचा निरोप आला, कॅमेरा घेऊन ये म्हणून. तुमची थोरली बहीण आता फार थकली आहे, पण बोलणं तसंच आहे. मला म्हणाली, "माझा एक फोटो काढून ठिव. मी मेल्यावर हे लोक आधार कार्डावरचं भूत मोठं करून लावतील. त्या माझ्या भावाचं केलंया तसं." अण्णा, तुमच्या फोटोची गोष्ट तुम्हाला माहीत नसणार. तुमचा धड फोटो घरात एकही नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्यानं मतदान कार्डावरचा चेहरा कापला आणि खाली निळा कोट, लाल टाय चिकटवला. हार त्याच फोटोला आहे. आत्या आली की त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करते. "माझ्या भावानं जल्मात कोट घातला न्हाय. त्याच्या अंगाला रंगाचा वास यायचा. हा कोन साहेब लटकावलाय भिंतीला?" म्हणून तिनं मला बजावलं होतं, "मला कोट न्हाय, बिट न्हाय. हाय तशी काढ."

सकाळी नवाच्या सुमाराला तिच्या स्वयंपाकघरात फोटो काढला. ती उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती, लसणाचा वास घरभर होता. दारातून तिरकं ऊन येत होतं, तिथे तिला पाटावर बसवलं. ती हात धुऊन आली, पदर सारखा केला, आणि उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला. मी म्हणालो, "आत्या, हात सरळ ठेवा की. असा भीक मागितल्यावानी दिसतोय." ती म्हणाली, "असाच ऱ्हाऊ दे." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मनगटाच्या वर, हिरव्या अक्षरांत, तुमचं नाव आहे. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हा जत्रेत गोंदणारीण बाई आली होती. बरोबरीच्या पोरी फुलं आणि विंचू गोंदवून घेत होत्या, आणि हिनं भावाचं नाव गोंदवून घेतलं. दोन दिवस हात सुजला होता, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. अक्षरं आता पसरली आहेत, कातडीला सुरकुत्या पडल्या आहेत. ती ज्या फोटोसाठी बसली होती त्यात तिला तुमच्यासह बसायचं होतं.

घरी येऊन बटण दाबलं, फोटो मोठा करून घेतला, चौकट लावली आणि घेऊन गेलो. तिच्या सुनेनं कागद फाडला आणि ती ओरडलीच, "अगं बया! मामी तर पिच्चरमधल्या दिसायल्या! भाऊजी, माझाबी आसाच काढा बरं, वीस वर्सं कमी करून." शेजारची बाई म्हणाली, "वीस कमी केल्यावर तू पाळण्यात जाशील." सगळ्या हसल्या. आत्यानं फोटो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे केला. चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. तिचा अंगठा काचेवरून खाली हातापर्यंत गेला आणि तिथे फिरत राहिला. तिला वाचता येत नाही. नाव तिला अक्षरांनी माहीत नाही, जागेनं माहीत आहे. ती जागा मऊ, गोरी, कोऱ्या कागदासारखी होती.

"माझा भाऊ कुठं गेला रं?"

मी म्हणालो, "मशीननं केलंय आत्या. आपोआप होतं ते. डाग समजून पुसतं."

"मशीनला कुठला आलाय भाऊ," ती म्हणाली, आणि वर हसली. मग माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चेहरा तर झाक आलाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. बसनं उमरग्याला परत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढदिवसाचे फ्लेक्स होते, एकेका बोर्डावर तीस-तीस चेहरे, सगळे एकाच साबणानं धुतलेले. शेतात राबणारी माणसं, आणि गाल बाहुलीचे. मला त्या बोर्डांची घाण वाटली, मग त्या फोटोग्राफरची, मग व्हिडिओतल्या भाई लोकांची, आणि उमरगा जवळ आलं तेव्हा माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नाही.

तेव्हा तुमचा एक दिवस आठवला. मी चौथीत असेन. एका ट्रकमालकाला केबिनवर त्याच्या वडिलांचं चित्र हवं होतं. त्यानं दिलेल्या फोटोत म्हाताऱ्याच्या तोंडभर देवीचे वण. तुम्ही ते वण एक-एक करून रंगवले होते, मी जवळ बसून मोजत होतो. मालक आला आणि म्हणाला, "पेंटर, हे खड्डे बुजवा. आमचा बाप हाय, रोड न्हाय." तुम्ही ब्रश घेतला आणि सगळे वण बुजवले, गालाला गुलाबी हातही मारला. मालक गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, हे खोटं झालं ना?" तुम्ही माझ्यावर डाफरलात, "तुझं शुद्धलेखन झालं का? ते बघ आधी." मग तुम्ही रॉकेलनं हात धुतलेत, आणि धुऊन झाल्यावर परत धुतलेत. मला तेव्हा वाटलं होतं, रंग निघाला नसेल. म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. तुम्ही साधूसंत असता तर मला तोंड दाखवता आलं नसतं.

मी ते एका बटणाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. कच्ची फाइल शाबूत होती, तेवढी अक्कल मी ठेवली होती. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा बाकावर बसून ते फुकटचं, शंभर पट्ट्यांचं सॉफ्टवेअर शिकलो. कुठली पट्टी काय करते ते वहीत लिहीत गेलो. हाताला उजळ केलं की नाव फिकट होतं. उन्हाच्या भागाचा उजेड थोडा खाली आणला आणि हिरवा रंग जरासा वर घेतला, तेव्हा अक्षरं वर आली. पूर्ण नाही. शेवटचं अक्षर सुरकुतीत गेलेलं आहे, ते तसंच ठेवलं. चेहरा सावळा आहे, हनुवटीवर चटणीचा एक कण आहे. मग प्रिंटवाल्याशी भांडलो, कारण त्याचं मशीनही स्वतःहून उजळ करतं. तो म्हणाला, "काळी येईल म्हातारी, मग माझ्या नावानं बोंबलू नको." मी म्हणालो, "येऊ दे. ती काळीच आहे." असं मोठ्यानं म्हणताना मला आधी लाज वाटली आणि मग त्या लाजेचीही किळस आली.

गेल्या आठवड्यात नवा फोटो देऊन आलो. सून म्हणाली, "पयलाच भारी होता." आत्यानं अंगठा काचेवर ठेवला, तिला जागा सापडली. "आला गं बाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सुधारलं व्हय रं तुझं मशीन?"

आता तुम्हाला सांगतो. मशीननं ते माझ्या पाठीमागे केलं नव्हतं. बटण दाबल्यावर पडद्यावर एक चक्र फिरलं, आधी चेहरा बदलला, मग गळा, मग हात. नाव माझ्यासमोर गेलं. त्या सॉफ्टवेअरला आधीचं आणि नंतरचं दाखवणारी एक कळ आहे. ती मी दोनदा दाबून सोडली. नाव आहे, नाव नाही. नाव आहे, नाव नाही. मी, ज्याच्या हातून दवाखान्यात एक वेलांटी चुकत नाही. पुसणं मागे घेता येत होतं. पण हात स्वच्छ दिसत होता, आणि हा फोटो लग्नाच्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवता येईल, असं मला वाटलं. गोंदलेला हात बघून लोक खेडवळ म्हणतील, असंही वाटलं. मी तिसऱ्यांदा कळ दाबली नाही, फोटो तसाच छापायला दिला.

हे सगळं मला आत्याला सांगायचं होतं. तिनं विचारलं तेव्हा तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "व्हय, सुधारलं." पुढच्या खेपेला तिला खरं सांगेन, असं इथे लिहिणार होतो. लिहीत नाही. दोन्ही वेळा तिनं चहा केला, आणि दोन्ही वेळा मी तो पिऊन आलो.