घरातलं लीकेज

३ मार्च
सकाळी चहाच्या वेळी दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या. मुलगी सांगत होती, नोकरी पक्की झाली, शहर लांबचं आहे, याच महिन्यात जायचं. बाकीचं नीट ऐकलं नाही, मुंग्यांकडे लक्ष होतं. निदान लगेच झालं: टोस्टरला लीकेज. उभा जन्म वायरमनचं काम केलंय. करंट मला ओळख दाखवतो.

४ मार्च
टोस्टर उघडला. दोष नाही. परत बसवताना एक स्क्रू उरला. कंपनीनं जास्तीचा दिला असणार.

६ मार्च
फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळं तपासलं. टेस्टरचा दिवा कुठेच लागला नाही. नवा टेस्टर आणला. तोही तसाच. हल्ली माल चांगला येत नाही.
मुलगी आईला आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली कामं समजावून देत होती, तेव्हा पायांनाही मुंग्या आल्या. फरशीतही करंट उतरलाय.

७ मार्च
बायकोनं डॉक्टरकडे नेलं. रक्त दिलं. रिपोर्टमध्ये काही निघणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं.

९ मार्च
काही निघालं नाही. डॉक्टरीण आमच्या मुलीच्याच वयाची. घरात काही चाललंय का, विचारत होती. म्हटलं, लीकेज चाललंय. कधीकधी काळजीनं माणूस भराभर श्वास घेतो आणि हातापायांना मुंग्या येतात, असं तिचं म्हणणं. सावकाश श्वास सोडायचा व्यायाम दिला. हुशार आहे, पण वायरिंगचा अनुभव नाही. मला कसली काळजी? उद्यापासून व्यायाम.

११ मार्च
व्यायामाला सवड झाली नाही. भर दुपारी घराचा मेन स्विच पाडून बसलो. शेजारच्या खोलीत मुलगी बॅग भरत होती, चेनचा आवाज येत होता. मुंग्या चालूच. म्हणजे करंट शेजाऱ्यांकडून येतोय. संध्याकाळी बायको म्हणाली, दूध नासलं, तेही त्यांच्याच नावावर घाला.

१२ मार्च
निर्णय पक्का. घराला नवीन अर्थिंग, म्हणजे गळका करंट वायरीनं थेट जमिनीत. खोल खड्डा, त्यात तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ. जागा गेटच्या तोंडाशी. तिथेच ओल चांगली आहे, दुसरं कारण नाही.
बायको म्हणाली, दारावरची बेल कधीची बंद आहे, ती करायला वेळ नाही, पाताळ गाठायला आहे.

१४ मार्च
खड्डा छातीइतका झाला. शेजारचे आजोबा कठड्यावरून विचारून गेले, विहीर का भुयार.
मग मुलगी आली. परवा टॅक्सी इथेच आत येणार होती, असं म्हणाली. मी ओलाव्याचं तांत्रिक कारण दिलं. तिनं ऐकून घेतलं. मग खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली.
"बाबा, तू नको म्हण, मी नाही जात. पण खड्ड्यातून नको म्हणूस. वर येऊन म्हण."
कोळशाचा थर चालू असताना मध्येच वर येता येत नाही, असं सांगितलं. तेव्हा कोळसा आणलेला नव्हता.

१५ मार्च
वर आलो. तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. काय म्हणायचं ते पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, एक्स्टेंशन बोर्ड घेतलास का. नव्हता घेतला. दुकानातला चांगला दिला. तिनं तोच होकार धरला. मला अजून विचार करायचा होता.
दुपारी कोळसा, मीठ, प्लेट, सगळं घालून झालं. वरची माती राहिली.

१६ मार्च
टॅक्सी रस्त्यावरच थांबली. खड्ड्यावर फळी टाकली. मी पलीकडून तिची बॅग घेतली, मग तिचा हात. फळी मजबूत होती, तरी हात जरा उशिरा सोडला. हातांना इतक्या मुंग्या की टाटाही धड करता आला नाही.

१७ मार्च
दुपारी मुलीचा फोन. नीट पोचली. खोलीत उजेड आहे, सॉकेट पलंगाजवळ आहे, घरमालकीण जेवलीस का म्हणून विचारून गेली.
फोन ठेवला आणि लक्षात आलं, मुंग्या नाहीत. हातांना नाहीत, पायांनाही नाहीत. बायकोला म्हटलं, बघ, अर्थिंग लागू पडलं. काळजी म्हणे.
ती म्हणाली, अहो, वायर कुठे जोडलीत अजून?
जाऊन पाहिलं. तांब्याच्या वायरचं वेटोळं खिळ्याला तसंच टांगलेलं.
खड्डा चांगला खणला असेल, तर नुसता जवळ असला तरी फरक पडतो.