दादाच्या नावाची धार

तीर्थरूप आईस,
दुरूनच चरणस्पर्श. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणही वेळेवर होते.

स्मारकाच्या फोटोत तुला अचूक दिसले. सारी नावे एकाच शिळेवर, एकाच वेळी कोरलेली. मग काही पुसट आणि दादाचे ठसठशीत कसे? पावसाला दोष देऊ नकोस, तो सर्वांवर सारखाच पडतो. नावे झिजतात ती हातांनी. दादाच्या पलटणीने शेवटपर्यंत खिंड लढवली. त्या जवानांची माणसे इथे येऊन अक्षरांवरून बोटे फिरवतात.

काल एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांच्या मुलाचे नाव जवळजवळ सपाट झाले आहे. शिळेची दुरुस्ती माझ्याकडे, म्हणून मी विचारले, "पुन्हा कोरून देऊ का?"

"नको गं बाई, मीच झिजवलंय ते. जिवंतपणी गालाला हात लावू द्यायचा नाही मेला. आता बसतो मुकाट."

माझ्याशिवाय आपल्या घरचे कोणी इथवर येऊ शकले नाही, म्हणून दादाची अक्षरे अजून टोकदार आहेत. मी ती रोज पुसते, पण हातमोजे घालून. घामाने दगड खराब होतो, तेव्हा कामाचा नियमच तसा आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा थोडेतरी बोलू लागले का? प्रवासाचा हट्ट धरू नकोस. त्याऐवजी एक करून पाहा. दादाच्या खोलीच्या दाराची चौकट वरच्या टोकाला चाचप. लाकूड खरखरीत लागेल. मग आत शिरताना तो जिथे हात टेकवायचा, तिथे तळवा ठेव. गुळगुळीत लागले, तर ते त्याच्या हाताने झाले आहे. तिथेच त्याला कुरवाळ.

तुझी धाकटी