आशीर्वादाच्या हातावर कचऱ्याचा डबा

भिलाई, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

मंडळाच्या म्हाताऱ्या बायांसाठी भजनं कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरात उतरवायची आहेत. मले भीती वाटू नये म्हणून वैशालीनं पडदाभर गणपतीचा फोटो लावला. पण कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र नेमकं देवाच्या आशीर्वादाच्या हातावर! भजनांची फाईल कानावर. उघडायची तर तिथंच दोनदा टकटक. सरकवलं की पुन्हा जागेवर.

"आई, ते आपोआप रांगेत लागते."

"मग रांग मोड ना!"

"मले नाही येत."

हे पेपराआडून म्हणाले, "बाप्पा चिडले नाहीत, तू कावून चिडून राहिली?"

आशीर्वादाच्या हातावर कचरा, अन् चिडू नको म्हणे! शेवटी बाप्पाले हात जोडून वैशालीले पडद्यावरचा फोटो काढून टाकायला लावला. कोऱ्या निळ्या पडद्यावरून फाईल उघडली, पहिलं भजन उतरवलं. वैशाली रुसली, अक्षर मात्र तिनंच मोठं करून दिलं.