गाडीखालची सावली

६ ऑक्टोबर, माउन
राजधानीतून, गाबोरोनेहून इथे आले आणि नोकरीचा पहिला दिवस झालाही. पर्यटक भाड्याची गाडी घेऊन स्वतःच रानात शिरतात, वाळूत रुततात. त्यांच्या गाड्या सोडवून आणायच्या, हे आमचं काम. माझे वरिष्ठ रा केलेत्सो वडिलांच्या वयाचे, सतत काहीतरी गुणगुणणारे. आल्या आल्या त्यांनी माझी फिरकी घेतली. "बोनोलो, तुमच्या गाबोरोनेत झेब्रा क्रॉसिंगवरून माणसं जातात. इथे झेब्रेच जातात." दुपारी त्यांच्या बायकोने कुटलेल्या मांसाचा सेस्वा पाठवला होता. पोटभर जेवले. इथे माझं बरं चालेल.

८ ऑक्टोबर
आज हत्तीने वाट अडवली. कान पसरून चार पावलं धावत आला. माझा हात गिअरवर गेला, तर रा केलेत्सोंनी तो हळूच दाबून धरला. पळणाऱ्याच्या मागे लागायची त्याला हौस असते, म्हणाले. आम्ही थांबून राहिलो. तो गेला. घरी येईपर्यंत मी आरशात मागेच बघत होते, आणि ते गुणगुणत होते.

९ ऑक्टोबर
एका जोडप्याची गाडी कोरड्या नदीपात्रात रुतलीय. वनरक्षकांनी दोघांना सुखरूप बाहेर आणलं. बाई सांगत होती, एक सिंहीण दिवसभर त्यांच्या गाडीखाली सावलीला होती. दाराचा जरा आवाज झाला की उठायची. वनरक्षक म्हणाले, इथल्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात असं होतं. उद्या आम्ही गाडी आणायला जाणार.

१० ऑक्टोबर, दुपार
झालं ते नीट लिहिते.
पोचलो तेव्हा आजूबाजूला काही नव्हतं. आम्ही गाडीभोवती फिरून पाहिलं, खाली वाकूनही पाहिलं. मी त्या गाडीत बसले, चावी फिरवली. बॅटरी मेलेली. रा केलेत्सो म्हणाले, "तू बस. मी वायर घेऊन येतो." त्यांनी आमच्या गाडीचं दार उघडलं.
ती काठावरच्या झुडपातून आली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. ती त्यांना झुडपात ओढत घेऊन गेली.
आमची गाडी वीस पावलांवर आहे. दार उघडंच. वायरलेस त्यात. मोबाइलला इथे रेंज नाही.

१० ऑक्टोबर, साडेचार
काचा विजेवरच्या, खाली होत नाहीत. हॉर्न वाजत नाही. अर्धी बाटली पाणी. झुडपाकडे बघत नाही. त्यांच्या बायकोला कोण सांगणार—

११ ऑक्टोबर, सकाळ
कोणी आलं नाही. एकदा दाराची कडी हलवून पाहिली, अगदी हळू—
ती खालीच आहे. माझ्या पायांखाली तिचा श्वास ऐकू येतो.

दुपार
पाणी संपलं. मी रडले तर ती उठते. आता रडत नाही.

थोड्या वेळाने
धूळ. गाडी येतेय—पांढरी—देवा—
थांबली. एक माणूस, मागे दोन मुलं. त्याला वाटतंय, आम्ही नुसते रुतलोय.
काचेवर मुठी आपटतेय. तो हसून हात हलवतोय.
नको नको म्हणून खुणा केल्या. तोही तशाच खुणा करतोय, काळजी करू नका, आलोच—
सीटचा पट्टा सोडतोय—
ही वही काचेला लावते, मोठ्या अक्षरांत—

उतरू नका
सिंहीण गाडीखा