दांड्यावरचा धोंडा

मी, वत्सला विष्णु टिपणीस, वय ७६, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार अष्टमी, ता. रोहा, हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. वकिलांच्या मसुद्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. तो मी परत केला.

१. घर व बँकेतील ठेव माझी भाची विमल हिला मिळावी. तिने अंगणातील बकुळ तोडू नये.

२. माझे होकायंत्र माजी सहकारी हैबतराव यांना देऊ नये. एकदा दिले होते. काच तडकून परत आले.

३. कुंडलिकेच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा मी १९५८ ते १९७९ दर दिवाळीच्या सुट्टीत मोजला. त्याच्या मुळाशी ठेवलेल्या पांढऱ्या धोंड्यापासून टोकापर्यंत मोजणीची साखळी धरत असे. लांबी दरवर्षी जास्त भरे. दांडा वाढतो आहे, असा निबंध मी पुण्याच्या परिषदेत वाचला. दांड्याजवळच्या कोळीवाड्यातील ठमाबाई मात्र म्हणे, "वाढत नाय, सरकतो हाय तो." मी तिला वर्गातल्या मुलीसारखे गप्प केले.

१९७९ साली तिने सहज सांगितले, "लाटा धोंड्याखालची वाळू नेत व्हत्या गो बाय. बुडला असता तं तुमी कुठून मोजलं असतं? म्हून दरसाल मीच उचलून मागं ठेवला."

धोंडा मागे गेला, म्हणून साखळी जास्त लागली. एकवीस वर्षांचे काम खोटे ठरले. पुढे अकरा वर्षे मी तिच्याशी बोलले नाही. त्या काळातही ती सुके बोंबील पाठवी, आणि मी ते खात असे, हे येथे नमूद करते.

१९९० साली मीच तिच्याकडे गेले. कोणत्या साली धोंडा किती हलवला, हे तिला तोंडपाठ होते: "धाकटीच्या बारशाला सात पावलं, सासरा गेला तवा अकरा." तिचे पाऊल मी फितीने मोजले: एक फूट आठ इंच. सारे आकडे दुरुस्त केले. समुद्राच्या अंगाने झिजत दांडा खरोखरच किनाऱ्याकडे सरकत होता.

४. साखळी ठमाबाईला द्यावी. "मला काय करायची? जाळी बांधीन," असे ती म्हणाली आहे. बांधावी.

५. धोंडा आज भरतीच्या रेषेपासून चार पावलांवर आहे. यापुढे तो तिने उचलू नये. तिच्या कंबरेला झेपणार नाही. तो बुडेल ती तारीख ठमाबाईने विमलला सांगावी व विमलने माझ्या मोजणीच्या शेवटच्या वहीत लिहावी. मगच वह्या विद्यापीठाला द्याव्यात. पहिल्या पानावर ठमाबाईचे नाव माझ्या नावाच्या वर असावे.

ठमाबाईला साक्षीदार म्हणून अंगठा द्यायचा होता. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, हे मी तिला समजावले. "मंग कागद तरी धरते," ती म्हणाली. वारा आहे, सही करताना कागद तिनेच धरला आहे.

सही: वत्सला विष्णु टिपणीस
साक्षीदार: १. दत्तात्रेय मोरोपंत गुप्ते, अष्टमी
२. चंद्रावती कमळाकर म्हात्रे, निडी
रोहा, ५ नोव्हेंबर १९९४